शब्दाखालच्या कमानी

नातवाच्या वाचनाच्या पुस्तकात प्रत्येक शब्दाखाली छोट्या छोट्या कमानी छापलेल्या आहेत. लहानपणी आम्ही फुटक्या बांगड्यांच्या काचा ओटीवर मांडून खेळायचो, तशा दिसतात त्या. एका कमानीवर शब्दाचा जेवढा भाग बसतो तेवढा एका टाळीत म्हणायचा. ‘काफे’ला दोन टाळ्या, ‘शोकोला’ला तीन. न उच्चारायची अक्षरं फिक्या करड्या रंगात. फ्रान्समध्ये, लियोंच्या शाळेत तो यंदा ‘सेपे’त आहे, म्हणजे आपल्या पहिलीत. संध्याकाळी खाणं झालं की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो आणि टाळ्या वाजवत वाचतो. मी समोर फरसबीच्या शिरा काढत असते. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आले आहे आणि दिवसभरातली ही माझी सगळ्यात आवडती वेळ आहे.

परवा तो एका शब्दावर अडला. ‘एलॅव’, म्हणजे विद्यार्थी. पुस्तकात त्याच्याखाली तीन कमानी होत्या : ए, लॅ, व. त्याच्या टाळ्या मात्र दोनच वाजल्या. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा दोनच. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘आजी, दोन खरं की तीन?’’

तीस वर्षं मी पुण्यात शाळेतल्या मुलांना फ्रेंच शिकवलं. क्रियापदांचे तक्ते फळ्यावर लिहिले, पुल्लिंग-स्त्रीलिंग घोटून घेतलं, परीक्षेत मुलांना भरपूर गुण मिळाले. शब्द कुठे तुटतो हे मी एका तासात उरकायची. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं. दोन असतील तर एक मागे राहतं, एक पुढे जातं. त्यातलं दुसरं ‘ल’ किंवा ‘र’ असेल तर मात्र बहुधा दोघं हात धरून पुढे जातात, म्हणून ‘ता-ब्लो’. ओळ संपली आणि शब्द मोडावा लागला तर जोडव्यंजनांच्या मधोमध मोडायचा, कानाला तिथे एकच व्यंजन ऐकू येत असलं तरी. एवढं लिहून दिलं की झालं. दोन खरं की तीन, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

मी त्याला म्हटलं, ‘‘सोन्या, दोन्ही खरं. ऐकताना दोन, लिहिताना तीन.’’ त्याचं समाधान झालं, तो पुढच्या ओळीकडे गेला. माझं झालं नाही. हातातली फरसबी तशीच राहिली आणि मला माझा पहिलीचा वर्ग दिसायला लागला.

बाई फळ्यावर लिहायच्या आणि आम्ही चालीवर ओरडायचो : क, म, ळ, कमळ! घ, र, घर! सुटं म्हणताना तीन अक्षरं, जोडून म्हटलं की ‘क-मळ’, दोनच. ‘घर’ तर सुटं दोन आणि जोडून एक. ‘ळ’मधला आणि ‘र’मधला अ कुठे गेला हे बाईंनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मराठी मूल तो अ गिळायला आईच्या मांडीवरच शिकलेलं असतं. फ्रेंच मूलही आपला शेवटचा स्वर असाच गिळायला शिकतं. रोमन लिपीतलं पाचवं अक्षर शब्दाच्या शेवटी उभं असतं आणि तोंडातून निघत नाही. त्याला ते ‘मुका’ म्हणतात. शब्दाच्या पोटातही हा स्वर असाच विरतो. शनिवारला ‘सामदी’ म्हणतात. कागदावर त्याचे तीन भाग, बोलताना दोन. आपण ‘करतो’ लिहितो आणि ‘कर्तो’ म्हणतो, अगदी तसंच.

हा स्वर नुसता मेलेला असता तर मी एवढा विचार केला नसता. पण तो मरत नाही. तो गाण्यात जाऊन राहतो.

आई संध्याकाळी देवापाशी दिवा लावून अभंग म्हणायची. मोठ्या अभंगाचं माप तिनेच मला बोटांवर शिकवलं : पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. ऱ्हस्व आहे की दीर्घ हे बघायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं, नुसती अक्षरं मोजायची. आर्येत किंवा श्लोकात लघु-गुरूचा हिशेब चालतो, तसा इथे चालत नाही. ‘पंढरपूर’ आपण बाजारात, गाडीत, तिकिटाच्या खिडकीवर तीन झटक्यांत म्हणतो : पं-ढर-पूर. अभंगात तेच पाच होतं. पं, ढ, र, पू, र. प्रत्येक अक्षराला त्याची जागा मिळते, टाळ त्याच्यावर पडतो. गिळलेला प्रत्येक अ परत येतो.

फ्रेंच काव्याचं सगळ्यात मानाचं माप म्हणजे ‘आलेक्सांद्रां’. बाराव्या शतकात सिकंदराच्या कथा ज्या ओळींमध्ये रचल्या गेल्या त्यांच्यावरून हे नाव पडलं. ओळीत बारा अक्षरं, सहांनंतर विसावा. १६७४ साली ब्वालोने आपल्या काव्यशास्त्रात हा विसावा पाळलाच पाहिजे असं बजावलं. इथेही लघु-गुरू नाही, नुसती मोजणी. आणि त्या मोजणीत मुका स्वर बोलू लागतो : पुढे व्यंजन आलं तर त्याला पूर्ण अक्षराचा मान, स्वर आला तर तो त्यात विरघळतो, आणि ओळीच्या अगदी शेवटी असला तर ऐकू येतो पण मोजला जात नाही. गेल्या खेपेला मी इथे रासीनचं ‘फेद्र’ पाहिलं. हे नाटक १६७७ सालचं. नटी प्रत्येक मुक्या स्वरावर अर्धा क्षण थांबत होती, तुळशीपुढे पणती ठेवताना हात थांबतो तशी. तेच शब्द घेऊन ती नाटकानंतर घरी फोन करेल तेव्हा ते सगळे स्वर गिळेल. आईही अभंग संपवून उठायची आणि मला म्हणायची, ‘‘पंढर्पूरची गाडी किती वाजता आहे गं?’’

आपल्या इंग्रजी शाळांच्या बालवाडीतली मुलंही ‘फ्रेर जाक’ म्हणतात. हे दोन शब्द कुणी नुसते उच्चारले तर दोनच टाळ्या. गाण्यात त्यांच्या चार होतात. सूर लावला की शब्दाला पूर्वीचं सगळं धन परत मिळतं. फ्रान्सच्या दक्षिणेला, मार्से-तुलूझच्या बाजूला, तर रोजच्या बोलण्यातही लोक हे स्वर सोडत नाहीत. उत्तरेकडचे त्या बोलीला गाणारी बोली म्हणतात. मला वाटतं, त्यांनी ते कौतुकानेच म्हणायला हवं.

आता आघाताविषयी. हे मला पुस्तकाने शिकवलं होतं, पण कळलं क्र्वा-रूसच्या चढावरच्या एका बेकरीत. रेशीम विणणाऱ्यांची ही जुनी टेकडी. हातमाग उभे राहावेत म्हणून घरांना उंच छतं. बेकरीच्या काचेत गुलाबी रंगाचा तार्त होता. साखरेत घोळलेल्या गुलाबी बदामांचा हा लियोंचा खास पदार्थ. मी स्वच्छ, सुटं सुटं बोलले : ‘‘यून. तार्त. ओ. प्रालीन.’’ मुलीने भुवया उंचावल्या, पुढे वाकली. मी आणखी स्वच्छ बोलले. तिला कळेना. शेवटी मी बोट दाखवलं आणि ती हसून म्हणाली, ‘‘आ! यून तार-तो-प्रालीन!’’

माझा एकही उच्चार चुकलेला नव्हता, हे मी आजही सांगेन. चुकलं ते एवढंच की मी चार शब्द बोलले आणि तिला एक हवा होता. ‘तार्त’चा ‘त’ माझ्याकडे ‘तार्त’मध्येच राहिला, तिच्याकडे तो पुढच्या ‘ओ’ला जाऊन मिळाला. आणि मी चारही शब्दांवर वजन दिलं होतं. तिने एकदाच दिलं, अगदी शेवटी, ‘लीन’वर. ते वजनही ठोसा मारल्यासारखं नव्हे. ते अक्षर थोडं लांबतं, सुरात किंचित वर किंवा खाली जातं, बस्स.

फ्रेंचमध्ये शब्दाला स्वतःचा असा आघात नसतो. एकटा असला तर त्याच्या शेवटच्या पूर्ण अक्षरावर तो येतो, मुका स्वर सोडून. पण सोबत आली की तो पुढे द्यायचा. ‘अं काफे’ म्हटलं तर वजन ‘फे’वर. ‘अं काफे न्वार’, काळी कॉफी, म्हटलं की ‘फे’ हलका होतो आणि वजन ‘न्वार’वर जातं. त्यापुढे ‘सां स्युक्र’, बिनसाखरेची, असं जोडलं की ‘न्वार’ही मोकळा होतो आणि ‘स्युक्र’ ते उचलतो. बांधकामावर स्लॅब टाकताना माणसं रांगेत उभी राहतात आणि घमेलं हातोहात पुढे जातं. प्रत्येकाच्या हातात ते क्षणभर येतं. ओततो तो शेवटचा. बेकरीत मी प्रत्येकाला आपापलं घमेलं ओतायला लावलं होतं.

घरी येताना चढ उतरत मी तेच तीनदा-चारदा पुटपुटत होते आणि मला ‘फूल’ आठवलं. शुद्धलेखनात ज्याच्यावर मुलं हमखास चुकतात ते : फूल दीर्घ, पण फुलाला, फुलांनी, फुलांसारखं ऱ्हस्व. मूल दीर्घ, मुलाला ऱ्हस्व. एकटं असताना शब्द आपल्या ‘ऊ’वर ऐसपैस बसतो आणि मागून प्रत्यय आला की अंग चोरून त्याला जागा देतो. या नियमाचा लाल शाईचा मार मी लहानपणी खूप खाल्ला आहे. फ्रेंचची किल्ली त्याच नियमात होती आणि तीस वर्षांत एकाही वर्गाला मी ती दाखवली नाही, याचं मला वाईट वाटतं. मराठी मुलांना ते एका मिनिटात कळलं असतं.

वेदपाठाच्या पद्धती अनेक, त्यातल्या या दोन. संहितापाठात शब्द संधीने एकमेकांत मिसळून एकसंध म्हणायचे, पदपाठात तेच शब्द सुटे करायचे. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याचा. फ्रेंच माणूस लिहितो पदपाठ आणि बोलतो संहितापाठ. ‘लेझामी’, मित्रमंडळी, यातला ‘झ’ धड मागच्या शब्दाचा नाही, धड पुढच्याचा नाही. दोन शब्द भेटले म्हणून तो जन्मला. आणि काही दारांशी तो येत नाही. मी निवडत होते त्या फरसबीचं नाव ‘आरिको’. तिच्याआधी ‘ले’ आलं तरी मध्ये ‘झ’ यायचा नाही, तिथे दोन स्वरांनी एकमेकांसमोर उघडेच राहायचं. नातू मात्र ‘लेझारिको’ म्हणतो. त्याची आई सुधारते. मी सुधारत नाही, कारण या भाषेचा इतिहास अशा चुकांनी भरलेला आहे.

लहान फ्रेंच मुलं पक्ष्याला ‘अं झ्वाझो’ म्हणतात. ‘ले’पुढे ऐकलेला ‘झ’ त्यांना पक्ष्याच्याच अंगाचा वाटतो. मोठ्यांनीही हेच केलं आहे. आयव्हीचा वेल पूर्वी नुसता ‘येर’ होता. त्याच्याआधी उपपदाचा ‘ल’ लागायचा तो चिकटून बसला आणि वेलाचं नाव ‘ल्येर’ झालं. आता त्याला आणखी एक उपपद लावावं लागतं. ‘दुसरा दिवस’ या अर्थाचा ‘लांदमां’ही तसाच ‘ल’ गिळून वाढला. उलटही होतं. आपलं नारिंग फारसी, अरबी, इटालियन अशी मजल करत निघालं आणि वाटेत त्याचा ‘न’ आधीच्या उपपदाने ओढून घेतला, असं व्युत्पत्तिकार मानतात; म्हणून फ्रेंचांकडे ते ‘ओरांज’. कुणीतरी, कधीतरी शब्द भलत्या जागी तोडला आणि सगळ्यांनी तो तसाच उचलला.

पण शब्द कुठेही तुटला, झिजला, तरी एक गोष्ट टिकते, आणि ती म्हणजे वजन पेलणारं अक्षर. गास्तों पारी या तरुण अभ्यासकाने १८६२ साली लॅटिन आघाताचं फ्रेंचमधलं कार्य यावर पुस्तक लिहिलं. लॅटिन शब्दात आघात ज्या अक्षरावर होता ते अक्षर फ्रेंचने सोडलं नाही. त्याच्या मागचं बरंच आणि पुढचं जवळजवळ सगळं गळून गेलं. गाढवाला लॅटिनमध्ये ‘आसिनुम’ म्हणत, आघात ‘आ’वर. आज उरलंय ‘आन’, एक टाळी. ‘आउगुस्तुम’चा आघात ‘गुस’वर, ऑगस्ट महिना आज नुसता ‘ऊत’. मी राहते त्या गावाचं रोमनांच्या काळी नाव लुग्दुनुम. झिजत झिजत ते लियों झालं, आणि इथली माणसं ते एका टाळीत म्हणतात. आघातानंतरचं सगळं गेलं म्हणूनच फ्रेंचचा आघात आज शेवटी असतो. तो तिकडे चालत गेला नाही. त्याच्या पुढची जमीन खचली आणि तो कड्यावर उरला.

नंतर पंडितांनी लॅटिनमधून तेच शब्द पुन्हा उचलले. तेव्हा त्यांना जुन्या आघाताची आठवण नव्हती. ‘फ्राजिलेम’, नाजूक, याचा आघात ‘फ्रा’वर होता. लोकांच्या तोंडात त्याचं ‘फ्रेल’ झालं, ‘फ्रा’ची खूण राखून. पंडितांनी आणला तो ‘फ्राजील’, वजन ‘जील’वर. दोन्ही शब्द नांदतात. आपल्याकडे क्षेत्र आणि शेत नांदतात तसे. पोथीतून आलेला एक, मातीतून उगवलेला एक.

आणि तो मुका स्वर? तो बहुतेक वेळा लॅटिन ‘आ’चा अवशेष आहे. ‘रोझा’चं ‘रोझ’ झालं, आणि शेवटी कागदावर जे अक्षर उभं आहे ते त्या ‘आ’ची राख. आपल्या ‘कमळ’मधला शेवटचा अ तसाच : संस्कृत ‘कमल’ म्हणणारा तिन्ही अक्षरं पूर्ण म्हणायचा. आईच्या टाळाखाली जो अ जागा व्हायचा तो किती जुना होता हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही ते इथे, परक्या गावात, सहा वर्षांच्या मुलाच्या टाळ्यांनी कळलं.

गेल्या आठवड्यात मी नातवाला ‘च’ची भाषा शिकवली. शब्दाचं पहिलं अक्षर काढून शेवटी न्यायचं आणि पुढे च लावायचा : ‘तुला’चं ‘चलातु’, ‘घर’चं ‘चरघ’. तो दोन दिवस माझ्याशी दुसरं काही बोलला नाही. शेजारचा पंधरा वर्षांचा मुलगा हे ऐकून म्हणाला, हे तर आमचं वेर्लां! फ्रेंच उपनगरांतली पोरं शब्द अक्षरांवर तोडून उलटे करतात. ‘लांवेर’ म्हणजे उलट, त्याचंच उलटं ‘वेर्लां’. ‘बिझार’चं ‘झारबी’. १९८४ साली ‘ले रिपू’ नावाचा चित्रपट गाजला, ते ‘पूरी’, म्हणजे सडलेला, याचं उलटं. गायक स्त्रोमाय हा उलटा केलेला ‘माएस्त्रो’. मग तो शेजारचा मुलगा म्हणाला, बाईला ‘मफ’ म्हणतात. मी टेबलावर कागद ओढून मांडून पाहिलं. मूळ शब्द ‘फाम’, बोलताना एक टाळी. एका टाळीचा शब्द उलटा कसा करणार? पोरांनी आधी शेवटचा मुका स्वर जागा केला, फा-म, मग उलटवलं, म-फा, आणि शेवटचा आ टाकून दिला : मफ. शतकानुशतकं गिळलेला तो स्वर आता शब्दाच्या मध्यभागी बसला आहे, आणि वजनही त्याच्यावरच. आम्हीही ‘घर’ तोडायला त्याच जागी सुरी ठेवतो. ‘चरघ’मधला ‘घ’ शेवटी असूनही पूर्ण उच्चारतो. हे त्या मुलांना कुणी शिकवलं नाही, आम्हालाही नाही.

काल रात्री नातू माझी वही घेऊन बसला. देवनागरी त्याला अजून वाचता येत नाही, पण अक्षरं चितारायला आवडतात. ‘‘आजी, एक मोठा शब्द लिही.’’ मी ‘पंढरपूर’ लिहिलं.

‘‘किती कमानी?’’

मी म्हणून दाखवलं, जसं आपण बोलतो तसं. त्याने तीन टाळ्या वाजवल्या आणि पेन्सिलीने तीन कमानी काढल्या. मग मी आईच्या चालीवर ते गाऊन दाखवलं. त्याने ऐकलं, बोटांवर मोजलं, पुन्हा गायला लावलं. पाच. तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग दप्तरातून करड्या रंगाची पेन्सिल काढली आणि ‘ढर’मधल्या ‘र’खाली एक, ‘पूर’मधल्या ‘र’खाली एक अशा दोन कमानी काढल्या, टिंबाटिंबांच्या.